उसन्या रक्ताचा रिपोर्ट

दुसरी हनुवटी गेली, की फोटोवाल्याचा फायदाच फायदा होता. वय एका झटक्यात दहा वर्षांनी खाली येणार. स्टुडिओच्या काचेत स्वतःचा फोटो लावता येणार. आणि समोरचा नवा स्टुडिओवाला, जो स्वतः चाळिशीचा आहे, तो त्याला ‘काका’ म्हणायचा बंद होणार! वीस वर्षं त्याने गावभरच्या हनुवट्या कॉम्प्युटरवर घासूनपुसून साफ केल्या होत्या. स्वतःची तेवढी राहिली होती, गळ्याखाली पिशवीसारखी लोंबत.

अडचण एकच. साखर.

“तीन महिन्यांची सरासरी सातच्या खाली आणा, मगच सुरी लावीन,” सर्जन म्हणाले. “नाहीतर जखम भरायची नाही.”

फोटोवाल्याची सरासरी साडेआठ. सातवर यायचं म्हणजे गोड बंद, चालणं चालू. एवढं तप कोण करणार? साखर बदलण्यापेक्षा माणूस बदललेला बरा!

माणूस घरचाच होता. बायकोचा धाकटा भाऊ, काडी. कितीही खाल्लं तरी अंगाला लागायचं नाही, वर तांब्यामागून तांब्या पाणी रिचवायचा. याच्या अंगात साखर शोधायला गेलेली मुंगी उपाशी मरेल!

“दाजी, रक्त माझं, नाव तुमचं. मग मला काय?”

“नवे बूट. चामड्याचे.”

“मग दोन बाटल्या काढा की!”

लॅबचा माणूस सकाळी घरी आला तेव्हा बायको आंघोळीला गेली होती. काडी फोटोवाल्याच्या खुर्चीत बसला, फोटोवाल्याचं नाव सांगितलं आणि दंड पुढे केला. सगळं कसं झकास!

रिपोर्ट आला. अकरा!

फोटोवाल्याने चष्मा पुसून पाहिलं. अकराच. सर्जननी फाइल मिटली आणि त्याला साखरेच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी थेट इन्सुलिन लिहून दिलं. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. बायको घड्याळ लावून सुई टोचू लागली.

“अगं, आज राहू दे.”

“अकरा म्हणजे काय गंमत वाटली? पोट इकडे करा!”

पाचव्या दिवशी एका आजीबाईंचा पासपोर्टचा फोटो काढताना “हसू नका, हलू नका” म्हणता म्हणता तो स्वतःच हलला आणि कॅमेऱ्यासकट आजीबाईंच्या पायांशी कोसळला. “मेला वाटतं!” आजीबाई ओरडल्या. पण फोटोसाठी हलल्या मात्र नाहीत.

दवाखान्यात त्या घडीची साखर निघाली चाळीस; सत्तरच्या खाली गेली की धोका. “एवढ्या डोसने इतकी पडलीच कशी?” डॉक्टर चक्रावले.

“लॅबची चूक असणार,” फोटोवाला क्षीण आवाजात म्हणाला. सगळ्यांना पटलं. सुई बंद झाली.

पण ते अकरा कोणाचे, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. सांगायचं म्हणजे अदलाबदल कबूल करायची आणि बायकोच्या तावडीत सापडायचं. उद्या सांगू, तो म्हणाला. असे साठ उद्या गेले.

मग एका रविवारी काडी जेवायला आला. उजवं पाऊल जरा फेंगडं पडत होतं.

“बूट चावतात का रे?” बायकोने विचारलं.

“छे गं ताई! दाजींची पसंती आहे. पायात आहेत की नाहीत, कळतसुद्धा नाही!”

फोटोवाल्याने हातातला घास ताटात ठेवला. साखर वाढली की पाय बधिर होतात, असं साखरेचे डॉक्टर म्हणाले होते.

“बूट काढ,” तो म्हणाला.

“जेवताना?”

“काढ म्हणतो ना!”

मोजा करंगळीच्या जखमेला चिकटलेला, निघता निघेना. निघाला तेव्हा बायकोने नाक दाबलं. फोटोवाल्याने तिच्याकडे न बघता, त्या मोज्याकडे बघत, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने भावाला उचलून रिक्षात घातलं.

सुरी लागलीच शेवटी. काडीच्या पायाची करंगळी गेली.

“दाजी,” खाटेवरून काडी म्हणाला, “तुम्ही कॉम्प्युटरवर हनुवट्या काढता. बोट घालता येतं का हो?”

तर जमा-खर्च असा. फोटोवाल्याच्या हनुवट्या होत्या तेवढ्याच, दोन. काडीच्या पायांची बोटं नऊ. बूट वाया जाऊ नयेत म्हणून बायकोने ते धुऊन, वाळवून फोटोवाल्यासमोर ठेवले. आता रोज तेच घालायचे, असा हुकूम आहे. एक नंबर लहान आहेत. चावतात.

त्याला मात्र कळतं.