चार किल्ट आणि एक कंबर

माणसाची कंबर आणि माणसाचा मान या दोन्ही गोष्टी वयाबरोबर वाढत जातात. यात निसर्गाची काही चूक नाही. पंचाईत होते ती शिंप्याची, कारण दोन्ही एकाच कपड्यात बसवाव्या लागतात.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या इनव्हरलारी गावातले मर्डो गेडिस परगणा परिषदेच्या रस्ते विभागातून सन्मानाने निवृत्त झाले. (खड्डे त्यांच्या आधी होते, त्यांच्या काळात होते आणि नंतरही आहेत. याला कामातलं सातत्य म्हणतात.) मे महिन्यातल्या एका रविवारी क्रीडामेळा समितीची मंडळी त्यांच्या घरी आली, लोणी लावलेले स्कोन नावाचे पाव खाऊन झाले, आणि मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, यंदाच्या मेळ्याचं सरदारपद गेडिससाहेब स्वीकारतील का?

इनव्हरलारीत हा मान आयुष्यात एकदाच विचारतात. सरदाराचं काम कठीण नाही. ऑगस्टात किल्ट नेसून, बॅगपाइपवाल्यांच्या मागोमाग गावातून मैदानापर्यंत चालत जायचं, चौथऱ्यावर उभं राहून भाषण करायचं आणि ओंडके फेकणाऱ्यांना ओंडके फेकायची परवानगी द्यायची. परवानगी नाही मिळाली तरी ते फेकतात, पण विचारण्याची पद्धत आहे.

गेडिससाहेबांनी डोळे पुसत होकार दिला. तेव्हा समितीच्या चिटणिसांनी जाता जाता नियम सांगितला: सरदार पूर्ण पोशाखात नसेल तर मान यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो. पुढचं नाव दुगल रॅट्रे. म्हणजे गेडिसबाईंचा, इशबेलचा, सख्खा भाऊ. दर रविवारी जेवायला येणारा, तीनदा वाढून घेणारा आणि तरीही काठीसारखा बारीक राहिलेला.

त्या रात्री गेडिससाहेबांना झोप लागली नाही.

किल्ट म्हणजे काय, हे इनव्हरलारीत कुणी कुणाला सांगत नाही. आठ वार लोकर असते, मागे चुण्या, पुढे सपाट पदर, बाजूला चामड्याचे पट्टे आणि बकलं. (आपल्या नऊवारीपेक्षा एक वार कमी. पण हे तिथल्या पुरुषांना बोलून दाखवू नये, ते लगेच हवामानाचा विषय काढतात.) आत काय असतं हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत. असभ्य विचारतात आणि त्यांना उत्तर मिळत नाही, त्यामुळे दोघांचं ज्ञान सारखंच राहतं.

गेडिससाहेबांकडे चार किल्ट होते. पहिला आजोबांचा, पलटणीतला. त्याला पाऊस लागला की ओल्या कुत्र्याचा वास येई, आणि तिथे पाऊस लागतोच. दुसरा लग्नातला. तिसरा परदेशात फुटबॉलचा सामना बघायला जाताना घेतलेला. स्कॉटलंड सामना हरलं, पण बिअरचा डाग कायम राहिला. चौथा पन्नाशीचा. त्याची बकलं दोनदा सरकवून झाली होती. इशबेल गेडिस म्हणत, "अजून सरकवलीस तर ती तुझ्या पाठीवर भेटतील, मर्डो, आणि हस्तांदोलन करतील."

चौघांनाही कडुलिंबाच्या पाल्याचं भाग्य नव्हतं, पण देवदाराच्या फळ्या, डांबराच्या गोळ्या आणि वर मलमलीचं कापड अशी कडक व्यवस्था होती. सोवळ्याचं वस्त्र सांभाळतात, तसंच. फरक एवढाच की सोवळं रोज नेसतात. किल्ट सांभाळण्यासाठीच असतो.

नवा किल्ट शिवायला टाकावा म्हणून ते किल्ट शिवणाऱ्या मिस टलक यांच्याकडे गेले. टलकबाईंनी कंबर विचारली.

"छत्तीस," गेडिससाहेब म्हणाले.

"तो आकडा तुमच्या पँटचा झाला. पँट पोटाखाली थांबते. किल्टला पोटावरून जावं लागतं." आणि बाईंनी बेंबीपाशी फीत लावली, आकडा वाचला, मोठ्याने उच्चारला नाही. खानदानी बाई. फक्त म्हणाल्या, "कापड जरा जास्त लागेल."

सातशे पौंड. निम्मे आधी. शिवायला सात आठवडे. जूनअखेर शाळांना सुट्ट्या लागायच्या आत निम्मे पैसे ठेवले नाहीत, तर मेळ्याला किल्ट मिळणार नाही.

घरी आल्यावर इशबेलनी टेबल पुसता पुसता तोडगा काढला. "चार पडून आहेत. एकही अंगाला होत नाही. विक, आणि पाचवा घे."

हा युक्तिवाद निर्दोष होता. म्हणूनच तो गेडिससाहेबांच्या जिव्हारी लागला. त्यांनी विक्रीला तत्त्वतः मान्यता दिली. ज्यांनी सरकारी खात्यात काम केलंय, त्यांना तत्त्वतः मान्यतेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पहिला प्रश्न, कुठला विकायचा? आजोबांचा विकणं म्हणजे पलटण सोडून पळणं. लग्नातल्याचं नाव काढताच इशबेल शांतपणे म्हणाल्या, "विक की. त्याच्याबरोबर लग्नही देऊन टाक, घेणारा दोन पैसे जास्त देईल." पन्नाशीचा अजून तरुण होता. राहिला फुटबॉलचा, पण डागाळलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं गेडिससाहेबांच्या तत्त्वात बसेना. अशा रीतीने चारही किल्ट न विकण्याला चार स्वतंत्र आणि सबळ कारणं सापडली. तेव्हा न्यायबुद्धीने असं ठरलं की चारही विक्रीला काढावेत. कुणावर अन्याय नको.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाईक गावातलं नको, कारण आपला किल्ट दुसऱ्याच्या कमरेवर रोज समोर येणार. फार लांबचंही नको, कारण मग तो कसा राहतोय हे कळणार नाही. कुणालाही उचलून द्यायचा नाही, आधी माणूस बघायचा. यासाठी बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या गेल्या, चहा ठेवला गेला, आणि शनिवारचे दिवस मुक्रर झाले.

पहिला मुलगा अबर्डीनहून आला. नाव इनस. मित्राच्या लग्नाला हवा होता.

"बूट कुठले घालणार?" गेडिससाहेबांनी विचारलं.

"हेच की," मुलगा म्हणाला. पायात पांढरे पळायचे बूट.

"आणि मोजे?"

"मोजे लागतात?"

इनसला बिस्किटं पुड्यात बांधून दिली आणि रस्ता दाखवला.

दुसऱ्या एक बाई होत्या, एल्गिनच्या. बोलायला गोड, पैसे रोख. चारही घ्यायला तयार. चुण्यांवरून हात फिरवून म्हणाल्या, "केवढं हो कापड! एकात सहा तरी अभ्रे निघतील." त्या उशांचे अभ्रे शिवून पर्यटकांना विकत. गेडिससाहेब खाली बसले. वास्तविक ते आधीच बसलेले होते, पण आणखी खाली बसले. पुढचं सगळं इशबेलनी निभावून नेलं.

दुगल हे सारं रविवारी रस्सा ओरपत ऐके. "दाजी, किल्ट विकताय की पोरगी उजवताय? पत्रिका पण मागवा एकेकाची!"

"तू जेव," गेडिससाहेब म्हणत.

"जेवतोच आहे. माझा किल्ट इस्त्री करून ठेवलाय बरं का, दाजी. नाही म्हणजे, वेळ काय सांगून येते? तेविसाव्या वर्षी शिवलेला. अजून एक बोट आत जातं कमरेत." आणि त्याने आणखी एक बटाटा घेतला.

जूनच्या शेवटच्या शनिवारी फॉरेसहून एक शाळामास्तर आले. ब्रोडी. बूट काळे, मोजे लोकरीचे, बोलणं मोजकं. लग्नातला किल्ट हवा होता. पावसात नेणार का? नाही. भाड्याने देणार का? छे. नाचणार का? बेताने. गेडिससाहेबांचे प्रश्न संपले, असं निवृत्तीनंतर प्रथमच घडलं. मास्तर आतल्या खोलीत गेले आणि किल्ट नेसून बाहेर आले.

किल्ट असा बसला होता, जसा त्यांच्यासाठीच विणला असावा. चुण्या चालताना हलत होत्या आणि थांबल्यावर थांबत होत्या. दारातून येणाऱ्या उजेडात हिरव्या चौकटी उजळल्या.

इशबेल हातात किटली घेऊन उभ्या राहिल्या. "बाई गं," त्या हळूच म्हणाल्या, "मर्डो, अगदी तू दिसायचास तसे दिसतायत हे."

गेडिससाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग गेडिससाहेब म्हणाले, "माफ करा, ब्रोडी. सौदा होणार नाही."

"काही चुकलं का माझं?"

"नाही. बसला."

मास्तर समजूतदार होते. जाताना म्हणाले, "माझ्याकडेही एक आहे तसा, आता अंगाला न होणारा. मीही तो विकला नाही, म्हणून तुमचा घ्यायला आलो होतो."

असा विक्री कार्यक्रम यशस्वीपणे पार पडला. सात अर्ज, चार मुलाखती, सदतीस कप चहा, विक्री शून्य. शाळांना सुट्ट्या लागल्या, टलकबाईंची मुदत उलटली. पाचवा किल्ट पुढल्या जन्मावर गेला.

मेळ्याच्या सकाळी इशबेलनी पन्नाशीचा किल्ट पलंगावर पसरला, नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पाठीत गुडघा रोवला.

"श्वास आत घे."

"घेतला."

"हा कसला श्वास? आणखी. दुगल सरदार झालाय असं मनात आण."

बकल लागलं.

"आता बोलू नकोस," इशबेल म्हणाल्या. "हसू नकोस. शिंक आली तर देवाचं नाव घे, मनातल्या मनात."

पाइप वाजू लागले आणि मिरवणूक निघाली; सरदाराच्या दोन्ही बाजूंना रिवाजाप्रमाणे माजी सरदार. पाइपवाल्यांना फुंकायला श्वास लागतो, म्हणून त्यांना बकलं सैल ठेवायची मुभा असते. बाकी कुणाला नाही. गेडिससाहेब आयुष्यभर ही मिरवणूक फुटपाथवरून बघत आले होते. माजी सरदारांचे ते ताठ चेहरे, आकाशाकडे लागलेली नजर, मिटलेले ओठ, गालांवरची लाली, ते करारी मौन. याला खानदानी दबदबा म्हणतात, असं ते मुलांनाही सांगत. आज त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. एकाही माजी सरदाराचं पोट हलत नव्हतं. सगळे मिळून, अंदाजे चौदा माणसं, एकही श्वास न सोडता राष्ट्राची परंपरा पुढे नेत होती.

दुगल रस्त्याच्या कडेला उभा होता, इस्त्रीच्या किल्टमध्ये. "काय दाजी!" तो ओरडला. "काहीतरी बोला की!"

दाजी बोलले नाहीत.

चौथऱ्यावर माईक होता. खिशात भाषण होतं, रस्ते विभागाच्या परंपरेला साजेसं, प्रस्तावनेसकट चार पानी. गेडिससाहेबांनी तोंड उघडलं. पहिल्या शब्दासाठी हवा लागते. ती आत यायला निघाली, तोच डाव्या बाजूचा चामडी पट्टा हळूच करकरला.

समोर सगळं गाव. पुढच्या रांगेत इशबेल, दोन्ही हात छातीशी. त्यांच्या शेजारी दुगल, पान वाढल्यासारखा चेहरा करून.

गेडिससाहेबांनी तोंड मिटलं. त्यांनी उजवा हात वर केला, सगळ्या मैदानावरून नजर फिरवली, आणि हात खाली आणला.

 मग पहिला ओंडका हवेत गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या सरदाराने पाऊण तास भाषण केलं होतं, पावसात. लोक म्हणाले, असा सरदार झाला नाही. एका माजी सरदाराने ओठ न हलवता दाद दिली, "फार... छान... बोललात." समितीने त्याच संध्याकाळी ठराव केला की यापुढे सरदाराने गांभीर्य राखावं आणि भाषण करू नये.

घरी आल्यावर इशबेलनी बकल सोडलं. गेडिससाहेबांनी जो श्वास टाकला, त्याने टेबलावरचा पेपर उडून चुलीपाशी गेला. चारही किल्ट पुन्हा मलमलीत गेले. पुढच्या वर्षी तेही माजी सरदार म्हणून, म्हणजे श्वास रोखूनच, चालणार असल्याने नव्या किल्टची गरज उरली नाही, असा निष्कर्ष निघाला.

वाचकांपैकी ज्यांनी मिरवणूक सुरू झाल्यापासून आपलं पोट आत ओढून धरलं आहे, त्यांनी आता सोडायला हरकत नाही. कुणी बघत नाहीये.