काकूंची अपॉइंटमेंट

परदेशात जाऊन राहायचं तर तिथल्या रीतीभातींची सवय इथूनच केलेली बरी, असं हेडक्लार्कांनी सोमवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं. दाढी करताना ठरवलेली गोष्ट ते सहसा मागे घेत नसत. (अर्ध्या दाढीत त्यांना कल्पना सुचते आणि उरलेल्या अर्ध्या दाढीत तिचा हट्ट होतो, असं त्यांच्या बायकोचं निरीक्षण होतं.)

खरं म्हणजे परदेशात जाणार होती ती बायको. ती इस्पितळात सिस्टर होती. ड्युटी आणि घर दोन्ही सांभाळून तिनं तिकडची परीक्षा दिली, एकदा नापास झाली, जिद्दीनं पुन्हा बसली, पास झाली आणि आता तिकडच्या एका इस्पितळानं तिला नोकरी देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. हेडक्लार्क दोन-तीन महिन्यांनी तिच्यामागून जाणार होते ते ‘पत्नीवर अवलंबून असलेला पती’ म्हणून. कागदावर तसेच शब्द होते. ऑफिसात त्यांनी ते शब्द कुणाला दाखवले नव्हते, ‘आम्ही जातोय’ एवढंच मोघम सांगितलं होतं.

हेडक्लार्कांची आई मात्र येणार नव्हती. या वयात नवा देश नको, आहे तोच अजून पुरता कळलेला नाही, असं तिनं स्वच्छ सांगून टाकलं होतं. त्यामुळे सगळी भिस्त शेजारच्या काकूंवर होती. काकूंचं दार समोरच, एकाच जिन्यावर. हेडक्लार्कांच्या घराची जादा किल्ली वर्षानुवर्षं काकूंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत असे. काकू कधीही येत, बेल न वाजवता येत, आल्या की फ्रिज उघडून बघत आणि जाताना पेपर घेऊन जात. बायकोचं म्हणणं एकच होतं: किल्ली काकूंच्या खिळ्याला आहे तोवर मी निर्धास्त जाईन.

आता या सुरळीत संसारात रीतीभातींचं खूळ शिरलं कुठून, तर रविवारच्या व्याख्यानातून. ‘परदेशी स्थायिक होण्यापूर्वी काय माहीत हवं’ या विषयावर कोट घातलेले एक गृहस्थ दोन तास बोलले. तिकडे आपली कामं आपणच करतात. तिकडे कुणी कुणाला खासगी प्रश्न विचारत नाही. आणि तिकडे आधी फोन करून वेळ घेतल्याशिवाय कुणी कुणाच्या घरी जात नाही, सख्खा भाऊसुद्धा. (हे गृहस्थ स्वतः कधी देशाबाहेर गेलेले नाहीत, असं शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कुजबुजला होता. पण असल्या फुटकळ शंकांकडे हेडक्लार्क लक्ष देत नसत.)

तर सोमवारी सराव सुरू झाला. आपली कामं आपण, म्हणून त्यांनी चहाचा कप स्वतः विसळला. कपाचा कान त्यांच्या हातात राहिला आणि कप बेसिनमध्ये गेला. कानाशिवायच्या कपातून चहा पिण्याचीही सवय हवीच, असं म्हणून त्यांनी तो जपून ठेवला. ऑफिसात शिपाई ऑपरेशन होऊन कामावर परतला होता. शर्ट वर करून टाके दाखवण्याच्या बेतानं तो टेबलापाशी घोटाळत राहिला, पण हेडक्लार्कांनी खासगी प्रश्न विचारला नाही. दुपारी हिशेबनीस मुलीला नोकरी लागल्याचं सांगायला आले. कुठं लागली, पगार किती, कशाचीही विचारपूस झाली नाही. ‘अभिनंदन’ म्हणून हेडक्लार्कांनी फाईल उघडली. संध्याकाळपर्यंत ऑफिसभर एकमत झालं, की विमानात बसण्याआधीच या माणसाचे पाय जमिनीवरून सुटले आहेत.

इथवर ठीक होतं. ऑफिसचं काय, ते सुटणारच होतं. पण मंगळवारी सकाळी ते बनियनवर उभे राहून केसांना कलप लावत असताना काकू नेहमीप्रमाणे आत आल्या, आणि हेडक्लार्कांना सरावाची ही संधी सोडवेना. डोक्यावर ब्रश तसाच धरून त्यांनी काकूंना प्रायव्हसी म्हणजे काय ते समजावून दिलं. तुम्ही घरच्याच आहात, प्रश्न तुमचा नाही, प्रश्न आम्हाला सवय लागण्याचा आहे. तेव्हा यापुढे यायचं असेल तर आधी फोन करून वेळ घेत चला, आणि ती किल्ली काही दिवस आमच्याकडेच राहू द्या.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं.”

भांडल्या असत्या तर परवडलं असतं. काकू घरी गेल्या, किल्ली आणून टेबलावर ठेवली. मग गाळणी आणली, पाना आणला, शिडी आणली. इतक्या वर्षांत या घरातून त्या घरात गेलेली एकेक वस्तू परत आली. त्यानंतर त्यांनी आपल्या वस्तू न्यायला सुरुवात केली. त्यात दोन पातेली होती, एक छत्री होती आणि ज्याच्यावर बसून आई रोज भाजी निवडत असे ते स्टूल होतं. स्टूल काकूंचं आहे हे हेडक्लार्कांना त्या दिवशी कळलं. आईनं अर्धी निवडलेली भाजी उचलली, मुलाकडे एकदा पाहिलं आणि ती स्टुलाच्या मागोमाग काकूंकडे निघून गेली.

बायको ड्युटीवरून आली तेव्हा तिला हे सगळं आईकडून आधीच कळलेलं होतं. ती पर्ससुद्धा न ठेवता उभी राहिली.

“किल्ली काकूंना परत द्या आणि त्यांची माफी मागा.”

“अगं, सराव होता तो. तिकडे गेल्यावर एकदम जड जाऊ नये म्हणून.”

“आईंना मी असं टाकून जाणार नाही. शुक्रवारी किल्ली काकूंकडे नसेल, तर मी तिकडे नाही म्हणून कळवणार.”

आवाज चढला नव्हता. पण आत जाताना तिनं डोळे पुसले, ते हेडक्लार्कांनी पाहिलं. ती नापास झाली होती त्या दिवशीसुद्धा तिनं डोळे पुसले नव्हते. त्यांना मनापासून वाईट वाटलं. इतक्या कष्टानं जमवलेलं तिचं सगळं एका स्टुलापायी जाणार, आणि त्याला कारण आपण, हे त्यांना सहन होईना.

लगेच समोरचं दार ठोठावून ‘काकू, चुकलं’ म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण वेळ घेतल्याशिवाय जाऊ नये हा नियम आपणच केलेला, आता आपणच मोडला तर काकू काय म्हणतील, या विचारानं त्यांनी फोन लावला. काकूंचा आवाज फोनमधून आणि समोरच्या दारातून असा दोन्हीकडून आला. आज जमणार नाही, उद्या पडदे धुवायचे आहेत, परवा ते वाळले की लावायचे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी बघू, असं म्हणून काकूंनी वेळ दिली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी हेडक्लार्कांनी माफीच्या तयारीसाठी रजा टाकली. बायको सकाळच्या ड्युटीला गेली. आई चहा झाल्याबरोबर आपल्या स्टुलाकडे गेली. हेडक्लार्कांनी आंघोळ केली, टॉवेल गुंडाळला, दूध तापत ठेवलं आणि तेवढ्यात आपली कामं आपणच करायची हे आठवून कचऱ्याची पिशवी उचलून दाराबाहेर ठेवायला गेले. वाऱ्यानं दार मागून धाडकन लागलं आणि कुलूप बसलं.

त्यांनी दार ढकललं. मग खांद्यानं ढकललं. मग, का कोण जाणे, बेल वाजवली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर जिना उतरत आले. एरवी या माणसानं चौकशी करून जीव नको केला असता, पण खासगी गोष्टींत नाक खुपसू नये हे हेडक्लार्कांनीच त्यांना बुधवारी ऐकवलं होतं. ड्रायव्हर भिंतीकडे बघत ‘नमस्कार’ म्हणाले आणि उतरून गेले.

शेवटी त्यांनी काकूंची बेल दाबली.

“कोण?” दार न उघडताच काकूंनी विचारलं.

“मी.”

“फोन केला होतास का?”

“फोन आत राहिलाय, काकू.”

“तुला संध्याकाळची वेळ दिलीय ना?”

“कोण आहे हो?” आईचा आवाज आला.

“तुमचा मुलगा. वेळ न घेता आलाय.”

“काकू,” हेडक्लार्क काकुळतीला येऊन म्हणाले, “दूध गॅसवर आहे.”

दार उघडलं. काकूंनी टॉवेलपासून डोक्यापर्यंत त्यांना एकदा पाहिलं. आईनं बटव्यातून स्वतःची किल्ली काढली. त्याआधी चष्मा निघाला, गोळ्या निघाल्या, रुमाल निघाला, आणि प्रत्येक वस्तूबरोबर करपलेल्या दुधाचा वास वाढत गेला. काकूंनी किल्ली जवळजवळ हिसकावून घेतली, दार उघडलं आणि वेळबीळ न घेता सरळ आत शिरल्या. गॅस बंद झाला, खिडक्या उघडल्या, काळंठिक्कर पातेलं नळाखाली गेलं. सगळं घर धुरानं भरलं होतं. त्या धुरात हेडक्लार्क टॉवेल सावरत उभे राहिले आणि तीन दिवस पाठ केलेलं भाषण साफ विसरले.

“काकू, माझं चुकलं,” ते म्हणाले. “तुम्ही कधीही या. आईला तुमच्याशिवाय इथं कुणी नाही. किल्ली घ्या, नाहीतर हिची नोकरी माझ्यामुळे जाईल.” बोलता बोलता त्यांनी मनगटानं डोळे पुसले. (पाणी थोडं धुरानं, पण बरंचसं खरंच.)

“आधी अंगात काहीतरी घाल,” काकू म्हणाल्या. पण टेबलावरची किल्ली त्यांनी उचलून मुठीत घेतली होती.

शर्ट घालून येईपर्यंत आईचं स्टूलही परत आलं होतं. हेडक्लार्कांना हायसं वाटलं. आता आईची काळजी मिटली, असं ते म्हणाले तेव्हा काकूंनी आईकडे पाहिलं आणि आईनं भाजीकडे.

“आईची कसली काळजी?” काकू म्हणाल्या. “त्या मलाच सांभाळतात. किल्ली तुझ्यासाठी होती. लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सूनबाईंनी माझ्याकडे आणून दिली.”

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. ते ऑफिसला गेल्यावर रोज काकू येऊन फिरून जात. कधी गिझर चालू असे, कधी नळ, कधी दोन्ही. विसरली तरी आपली इस्त्री आपोआप बंद होते, चांगल्या कंपनीची आहे, असं हेडक्लार्क ऑफिसात सगळ्यांना सांगत आले होते. ती इस्त्री बंद करणारी कंपनी समोर बसून लसूण सोलत होती. मग बायकोनं आईचं नाव का पुढे केलं, असं त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. तुला वाईट वाटू नये म्हणून, आई म्हणाली.

संध्याकाळी बायकोनं खिळ्याला लटकलेली किल्ली स्वतः जाऊन पाहिली, आणि मग तिकडच्या मेट्रनला व्हिडिओ कॉल लावला. हेडक्लार्क दाराआड उभे राहिले. होकार ऐकला तेव्हा त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. मेट्रनबाईंनी आनंद झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, पगाराबद्दल, रजेबद्दल, ड्युटीबद्दल काही विचारायचं आहे का?

तसलं काही नाही, बायको म्हणाली. फक्त आम्हाला जे क्वार्टर मिळणार आहे, त्याच्या शेजारी दिवसभर घरी असणाऱ्या कुणी वयस्क बाई राहतात का?

मेट्रनबाई समजूतदार होत्या. त्या हसल्या. अर्जात लिहायचं राहिलं वाटतं, आमच्या इस्पितळाचं पाळणाघरसुद्धा आहे, म्हणाल्या. मूल केवढं आहे?

बायकोनं दाराकडे पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि खरं तेच सांगितलं.

“सत्तेचाळीस वर्षांचं.”