इझोबेल क्रेकहॉलची बरणी

रॉडनी आस्कविथने ती बरणी अभ्यासिकेत न ठेवता स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवली, तिथेच सगळं बिनसलं. अभ्यासिकेत हीटर होता, आणि मुरंब्याला ऊब चालत नाही, एवढाच बिचाऱ्याचा विचार. (विचार करण्याचाच तो पगार घ्यायचा. यॉर्कशरमधल्या एका विद्यापीठात तो आधुनिक इंग्रजी कादंबरी शिकवत असे.) गेली अकरा वर्षं तो इझोबेल क्रेकहॉल या दिवंगत कादंबरीकर्तीचं चरित्र लिहीत होता.

चरित्र लिहून झालं होतं. गाडं अडलं होतं परवानगीवर. बाईंचं खासगी लिखाण छापू द्यायचा हक्क त्यांच्या भाचीकडे, मिस थर्झांकडे, आणि त्या कुणालाच सही देत नव्हत्या. रॉडनीला मात्र त्यांनी आत्याच्या हातच्या मार्मलेडची, म्हणजे कडू संत्र्यांच्या मुरंब्याची, एक न उघडलेली बरणी आणून दिली.

"पुस्तकासाठी फोटो काढा. रविवारी चहाला येईन तेव्हा परत नेईन. सहीचंही तेव्हाच बघू."

रविवारी सकाळी त्याची बायको हिलरी चर्चला गेली होती. रॉडनी टोस्ट खाता खाता स्वतःचंच चौथं प्रकरण वाचत होता आणि मनापासून माना डोलावत होता. हिलरी परत आली तेव्हा तो भरल्या तोंडाने म्हणाला, "वा! यंदा तुझं मार्मलेड फक्कड जमलंय हं!"

खरं तर ते भयंकर लागत होतं. पण ज्या देशात पाय तुडवला गेलेला माणूसच आधी माफी मागतो, तिथला नवरा न्याहारीच्या टेबलावर दुसरं काय बोलणार?

"माझं?" हिलरी म्हणाली. "माझं तर कधीच संपलं."

दोघांनी बरणीकडे पाहिलं. लेबलावर इझोबेलबाईंचं वळणदार अक्षर होतं, आणि आत बरणी निम्मी रिकामी होती.

"अकरा वर्षांची मेहनत, हिलरी! आणि मी ती टोस्टला लावून खाल्ली!"

"आधी तोंड पूस. मिशीलासुद्धा लागलंय."

हिलरीने शेजारणीकडून वाटीभर मार्मलेड आणलं. जुनं सगळं काढून नवं भरलं, वर कापड लावलं. रॉडनीने दोरा बांधला, तो सुटला. मग हिलरीने बांधला.

चारला मिस थर्झा आल्या. रीतीप्रमाणे आधी पावसाचं बोलणं झालं, मग उद्याच्या पावसाचं. मग त्यांनी परवानगीचा कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "हिलरी, थोडा टोस्ट मिळेल? आज ही बरणी उघडूयाच."

हिलरीने टोस्ट आणला. मिस थर्झांनी घास घेतला, डोळे मिटले.

"अगदी आत्याच्या हातची चव!"

टेबलाखालून हिलरीने त्याच्या नडगीवर लाथ हाणली. गप्प बसलं की झालं, सही समोर होती. पण रॉडनीला विलक्षण लाज वाटली. एका बाईचं खरं आयुष्य सांगायला निघालेला माणूस तिच्याच भाचीला तिच्याच नावावर फसवत होता.

"हे तुमच्या आत्याचं नाही, बाई," तो कसाबसा म्हणाला. "ते मी सकाळी खाल्लं. चुकून."

"ठाऊक आहे. आत्याचं जन्मात कधी घट्ट झालं नाही."

"पण तुम्ही आत्ताच म्हणालात–"

"लोकांच्या घरी चहाला आल्यावर दुसरं काय म्हणतात?" मिस थर्झा पुढे झुकल्या. "तुमच्याआधी सहाजण आले चरित्र लिहायला. सगळ्यांनी बरणी मखमलीत गुंडाळून परत दिली. त्यांनी आत्याची देवीच करून टाकली असती. आता खरं सांगा, कसं होतं?"

"जळकं," रॉडनी म्हणाला. "आणि पातळ. खोकल्याच्या औषधासारखं."

मिस थर्झा इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

"तिलाही कळायचं हो. तरी दर जानेवारीत हट्टाने करायची, आणि आम्ही तोंडभरून वाखाणायचो. लिहाल हे?"

"लिहीन."

त्यांनी सही केली. हिलरीने रॉडनीचा हात घट्ट धरला. निघताना मिस थर्झांनी दोघांना गाडीपाशी नेलं आणि डिकी उघडली. आत बरण्यांनी भरलेली दोन खोकी होती.

"आत्याच्या हातचं, फेकवत नाही. खाणारा माणूस मात्र आज भेटला!"

कागदावरची शाई अजून वाळली नव्हती. रॉडनीने दोन्ही खोकी छातीशी धरली आणि म्हणाला, "अरे वा! घरात सगळ्यांना फार आवडतं!"