दुसऱ्या पाण्याची कॉफी

"आला लोचट," त्रिविक्रमराव तोंडभर हसून म्हणाले आणि लगेच हात जोडून तमिळमध्ये म्हणाले, "या मामा, या. तुमचीच वाट पाहत होतो."

पहिलं वाक्य मराठीत होतं, आणि ते स्वयंपाकघरातल्या अंबुजाबाईंसाठी होतं. दुसरं शेजारच्या चंद्रमौळी अय्यरांसाठी. पहिल्या वाक्याचा अर्थ अंबुजाबाईंना नीट ठाऊक होता. फिल्टरमधलं पहिलं दाट पाणी घरच्यांसाठी बाजूला ठेवायचं, त्याच पुडीवर पुन्हा गरम पाणी ओतायचं आणि त्या दुसऱ्या पाण्याची कॉफी ओसरीवर पाठवायची. अकरा वर्षं हा क्रम बिनबोभाट चालला होता.

कुंभकोणमच्या त्या गल्लीत मराठी बोलणारं घर हे एकच. त्रिविक्रमरावांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या काळी इकडे आले. पुढे राजे गेले, मान गेला, भाषा तेवढी राहिली. आणि तिचा उपयोग काय, तर चारचौघांत बसून चारचौघांना न कळू देता बोलणं. पाहुण्याला वाटेला लावायचं असलं, डॉक्टरांसमोर डॉक्टरांविषयीच शंका काढायची असली, की हे कुटुंब मराठीत शिरे आणि काम झालं की तमिळमध्ये परत येई. चंद्रमौळींच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळावं लागे. त्यांनी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेलं. त्यामुळे मूर्ख, दुष्ट, पीडा असले शब्द चालत नसत. शब्द अस्सल देशी हवा. लोचट, आगाऊ आणि चोंबडा हे तीन त्रिविक्रमरावांनी पारखून घेतले होते.

तसे चंद्रमौळी वाईट नव्हते. बायको गेल्यापासून एकटेच राहत. रोज सकाळी साडेसातला येत, त्रिविक्रमरावांचं वर्तमानपत्र त्रिविक्रमरावांच्या आधी उघडत, मोठ्यानं वाचत आणि वाचता वाचता संपादकाचं व्याकरण सुधारत. त्रिविक्रमराव बँकेत नोकरीला. निघायची वेळ होईपर्यंत त्यांच्या वाट्याला हरवले-सापडलेच्या जाहिराती यायच्या. माणसाचा पिंड लोचट असला की त्याला घड्याळ दिसत नाही, असं त्रिविक्रमरावांचं मत होतं, आणि ते मत ते रोज सकाळी हसतमुखानं मांडत.

एप्रिलात शाळांना सुट्टी लागली आणि चंद्रमौळींची नात सरोजा मद्रासहून आली. येताना तिनं लाल रंगाची छोटी सायकल आणली. त्रिविक्रमरावांची मुलगी तुळसी दहा वर्षांची. आईनं तिला गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवरचे कावळे हाकायला बसवलं होतं. तिथून तिला ती सायकल गल्लीभर फिरताना दिसे आणि कावळे सांडगे खाऊन जात. चार दिवसांनी दोघींचा करार झाला. तुळसीनं सरोजाला मराठीचा एक शब्द शिकवायचा, सरोजानं तिला महामहम तळ्यापर्यंत एक फेरी द्यायची. पहिल्या आठवड्यात पाणी, पाय, पोळी, पाल सगळं झालं. मग सरोजा म्हणाली, असले शब्द नकोत. तुझे अप्पा रोज सकाळी आमच्या ताताला, आजोबांना, काय म्हणतात, ते शिकव.

यातलं त्रिविक्रमरावांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या मागे त्या दिवसांत वेगळीच काळजी लागली होती. बँकेचा कागद आला होता. बदली, रामनाथपुरम्, जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हावे. ज्या घरात जन्म झाला ते घर बंद करायचं, तुळसीला नव्या शाळेत घालायचं, अंबुजाबाईंनी नव्या गावात नवी माणसं जोडायची. त्रिविक्रमरावांना रात्रंदिवस तेच दिसे. पण सवय ती सवय. मे महिन्यातल्या एका सकाळी फाटक वाजलं आणि ते हसून म्हणाले, "आला लोचट."

"आलों, आलों," चंद्रमौळी मराठीत म्हणाले. "तुम्हीही लोचट."

त्रिविक्रमरावांच्या हातातला पितळी पेला कलंडला. धोतरावर पहिल्या पाण्याची कॉफी सांडली, तेही त्यांना कळलं नाही.

चंद्रमौळी आनंदानं ओसरीवर बसले आणि त्यांनी काखेतून एक वही काढली. वहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात शब्द लिहिले होते आणि प्रत्येकासमोर व्युत्पत्ती. मग ते तमिळमध्ये समजावू लागले. लोचट हा लोचन या शब्दावरून. म्हणजे ज्याला दृष्टी आहे, दूरचं दिसतं, असा. आगाऊ हा अग्र या शब्दावरून, म्हणजे सर्वांच्या पुढे असलेला. चोंबडा जरा अवघड गेला, दोन दिवस लागले, पण शेवटी सापडला. चुंबकावरून. लोखंड चुंबकाकडे जातं तशी माणसं ज्याच्याकडे ओढली जातात, तो चोंबडा.

"अकरा वर्षं तू मला हे सगळं म्हणत आलास," चंद्रमौळी वही मिटत म्हणाले, "आणि एकदाही अर्थ सांगितला नाहीस. केवढा विनय रे तुझा."

त्रिविक्रमरावांनी नजर वळवली. खांबाआड तुळसीची वेणी दिसत होती. मामा गेल्यावर त्यांनी तिला पुढ्यात उभं केलं.

"काय सांगितलेंस त्यांस?"

"मी कांहीं नाहीं सांगितलें, अप्पा," तुळसी म्हणाली. "ताता म्हणाले, लोचनावरून ना? मी मान हालविली."

यावर रागवायचं कसं, हे त्रिविक्रमरावांना कळेना. मान हलवली नसती तर काय झालं असतं, हा विचार करून त्यांनी स्वतःचीच मान हलवली. देवानं राखलं, असं म्हणून ते बँकेत गेले.

पण देव राखतो तेव्हा पुरतं राखतोच असं नाही. त्याच आठवड्यात तिरुचीहून निमकर साहेबांचं पत्र आलं. निमकर बँकेच्या विभागाचे मोठे अधिकारी. मूळचे साताऱ्याकडचे, आठ महिन्यांपूर्वी इकडे आलेले. बदल्यांचे कागद त्यांच्याच सहीनं निघत. पत्रात लिहिलं होतं, रविवारी देवदर्शनासाठी कुंभकोणमला येतो आहे, तुम्ही मराठी आहात असं कळलं, आठ महिन्यांत पुरणपोळी डोळ्यांनी पाहिलेली नाही, जमल्यास जेवायला यावं म्हणतो.

अंबुजाबाई दोन दिवस आधीच डाळ निवडायला बसल्या. जेवण झालं, पान झालं, की साहेबांपुढे बदलीचं हळूच काढायचं, असा बेत ठरला. एकच धोंड होती. चंद्रमौळी त्या दिवशी येता कामा नयेत. आले तर वही घेऊन येतील, आणि साहेब सातारचे, त्यांना लोचनाची व्युत्पत्ती पटणार नाही. म्हणून शनिवारी त्रिविक्रमरावांनी मामांना सांगितलं, उद्या आम्ही सगळे गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला जाणार, दिवसभर घर बंद.

एका खोट्याला दुसरं टेकू देतं. घर बंद म्हटल्यावर ते बंद दिसायला हवं. रविवारी सकाळी त्रिविक्रमरावांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि साहेबांना स्टेशनवरून आणलं ते मागच्या बोळातून, केळींच्या मधून, गाईच्या शेणाला वळसा घालून.

"पुढून दार नाही का?" निमकरांनी बूट उचलत विचारलं.

"आहे, पण आमच्यांत पहिल्या खेपेस पाहुण्यांस मागिलदारीं आणितात," त्रिविक्रमराव म्हणाले. तीनशे वर्षांत अशी चाल कोणी पाळली नव्हती.

निमकर मात्र खूश झाले. तुमची मराठी ऐकून आजोबांच्या पेटीतलं पत्र वाचल्यासारखं वाटतं, असं म्हणत ते पुढे निघाले आणि एकदम थांबले. परसात दोन्ही घरांना मिळून एक विहीर होती. रविवारचं सावकाश स्नान करायची चंद्रमौळींची जागा तीच. ओल्या पंच्यानिशी, हातात पोहरा धरून ते उभे होते. त्यांनी त्रिविक्रमरावांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, पाहुण्यांचे बूट पाहिले, आणि काही न बोलता घाईघाईनं आपल्या घरात गेले.

सगळं संपलं, असं त्रिविक्रमरावांच्या मनानं घेतलं. पानं मांडली गेली. पुरणपोळीवर तूप पडलं. निमकरांनी डोळे मिटून पहिला घास घेतला तेवढ्यात मागचं दार वाजलं. चंद्रमौळी आत आले. कमरेला जरीकाठी वेष्टी, खांद्यावर अंगवस्त्र, कपाळावर ठसठशीत भस्म, हातात वही. मागे सरोजा, तिच्या हातात शेवंतीचा हार.

चंद्रमौळींनी हार साहेबांच्या गळ्यात घातला, वही उघडली आणि मराठीत वाचू लागले.

"नमस्कार. मी शेजारी. तुम्ही तिरुचीहून आलां. तुम्ही मोठे आगाऊ. तुमच्यासारखा चोंबडा माणूस आमच्या गांवांत नाहीं."

निमकरांचा घास हातातच राहिला. अंबुजाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्रिविक्रमरावांना रामनाथपुरम् आता जवळचं गाव वाटू लागलं.

"त्रिविक्रमराव मजला रोज लोचट म्हणतात," चंद्रमौळींनी पान उलटलं. "अकरा वर्षें म्हणतात. हंसून म्हणतात. माझा पुत्र मद्रासेंत आहे. तो म्हणत नाहीं. कोणीही म्हणत नाहीं. आतां तुम्ही यांस दूर पाठवितां, असें तुळसी रडून सरोजेस बोलली. पाठवूं नका. हे गेले, तर मजला लोचट कोण म्हणेल?"

वही मिटली. दीड महिना सरोजाकडून आणि तुळसीकडून एकेक शब्द गोळा करून त्यांनी ते भाषण रचलं होतं. त्रिविक्रमरावांना मान वर करवेना. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाजेच्या खाली, का कोण जाणे, त्या म्हाताऱ्याची माया वाटत होती.

निमकर सावकाश त्रिविक्रमरावांकडे वळले. "हे शब्द तुम्ही यांना म्हणता?"

"होय, साहेब."

"तोंडावर?"

"हंसून," त्रिविक्रमराव म्हणाले.

निमकरांनी हातातला घास पानात ठेवला. मग त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि चंद्रमौळींपुढे मान लववून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तुमच्याइतका लोचट माणूस मीसुद्धा पाहिला नाही." चंद्रमौळींचा चेहरा उजळला. ते अंगवस्त्रानं डोळे टिपायला लागले तसे निमकर खालच्या आवाजात, घाईघाईच्या सातारी मराठीत त्रिविक्रमरावांना म्हणाले, "रामनाथपुरला धाडलं तर तुम्ही सुटाल. सोडत नाही तुम्हाला. बदली रद्द. इथंच राहायचं आणि रोज सकाळी यांच्यासमोर बसायचं. हीच तुमची शिक्षा. वाढा अजून एक पोळी, आणि यांनाही पान मांडा."

पान मांडलं गेलं. चंद्रमौळींनी जेवता जेवता साहेबांना पुरणाची व्युत्पत्ती सांगितली, आणि ती बरोबर निघाली. तुळसीनं पुढच्या दाराचं कुलूप काढलं.

सोमवारी सकाळी साडेसातला फाटक वाजलं. त्रिविक्रमराव उठून उभे राहिले. त्यांनी नुसतेच हात जोडले. चंद्रमौळी पायरीवर थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"आज कांहीं म्हटलें नाहीं?"

त्रिविक्रमराव पायरीपर्यंत पुढे आले. "यावें, लोचट," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना मनापासून भरून आलं. मग आत वळून त्यांनी हाक दिली, "अगो, लोचट आले. पहिल्या पाण्याची आण."

कॉफी आली. दाट, फेसाळ, वाफाळती. चंद्रमौळींनी ती पेल्यातून वाटीत उंचावरून दोनदा ओतली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"त्रिविक्रमा," ते म्हणाले, "तुमची भाषा समजायला मजला दीड मास लागला. कॉफी पहिल्या दिवशींच समजली होती."

त्रिविक्रमरावांचा पेला हवेतच थांबला. अकरा वर्षांचं दुसरं पाणी त्यांच्या डोळ्यांसमोरून वाहून गेलं.

"मग रोज कां आलां, मामा?"

"लोचट म्हणून," चंद्रमौळी म्हणाले, आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.