कॉम्प्युटरचं बारसं

इंदिरानगरच्या गंगाधर गुरुजींना सकाळपासून एकच प्रश्न छळत होता. मुलाने, आल्हादने, पुण्याहून पाठवलेल्या कॉम्प्युटरमध्ये दोन कप्पे होते, सी आणि डी. पत्रिका मांडायचा प्रोग्राम सीमध्ये, यजमानांच्या पत्रिका डीमध्ये. मग ए आणि बी गेले कुठे?

"पहिली दोन अक्षरं सोडून कुणी नाव ठेवतं का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमचं काम अडलंय का?" सुधाताई मेथी निवडत होत्या.

"अडलं नाही. पण काही कारण असेलच ना."

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण नक्षत्र पाहून बाळांना नावाचं अक्षर काढून देण्यात गुरुजींची हयात गेलेली. कारणाशिवाय ठेवलेलं नाव त्यांना पचेना. त्यांनी पंचांग उघडलं आणि कॉम्प्युटर घरात पहिल्यांदा सुरू झाला त्या वेळचं नक्षत्र काढलं. कृत्तिका, पहिलं चरण. अक्षर आलं अ. आणि कॉम्प्युटरमध्ये ए तर रिकामाच होता. गुरुजींच्या अंगावर काटा आला.

सीला कॉम्प्युटर हात लावू देईना, म्हणून एक व्हिडिओ पाहत पाहत त्यांनी डीचा ए केला. 'काही प्रोग्राम नीट चालणार नाहीत, पुढे जायचं का?' असं कॉम्प्युटरने विचारलंही. पण जन्मभर तथास्तु म्हणत आलेल्या माणसाने तिथेही होच म्हटलं. मग कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकू वाहून, अक्षता टाकून ते समाधानाने जेवायला बसले.

दुपारी देवळा गावाहून चिमणाबाईंचा फोन आला. त्यांच्या नातीचं आज बारसं होतं.

"गुरुजी, अक्षर नाय सांगितलं अजून. पाव्हणे आलेत, आत्या पाळण्यापाशी उभी हाय."

"आत्ता काढतो. कॉम्प्युटरचं काम म्हणजे चुटकीसरशी."

गुरुजींनी प्रोग्राम उघडला. 'पत्रिका सापडली नाही.' पुन्हा उघडला. पुन्हा तेच. बोटांवर मोजायचे दिवस गेले, आता थेट पडद्याचाच फोटो पाठवतो, असं त्यांनी चिमणाबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं.

"हाताने काढा की," सुधाताई म्हणाल्या.

"जन्मवेळ आतच आहे. आता पुन्हा विचारू? कॉम्प्युटरने मुलगी हरवली म्हणून सांगू?"

देवळ्याचं ते यजमान घर वडिलांच्या वेळेपासूनचं. दर उन्हाळ्यात तिथून कांद्याची गोणी यायची. पण गुरुजींना गोणीपेक्षा शब्दाची काळजी होती. भर बारशात शब्द गेला असता तर पुन्हा देवळ्यात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या आल्हादला फोन लावला.

"बाबा, नक्की काय केलंत तुम्ही?"

"बारसं."

"कोणाचं?"

"तुझ्या डीचं. ए ठेवलं."

मग आल्हाद म्हणाला, "अहो, ए आणि बी फ्लॉपीसाठी होते. माहिती साठवायची ती पातळ चौकोनी डबी आठवते? सुरुवातीच्या कॉम्प्युटरना हार्ड डिस्क नसायचीच, नुसती एकदोन फ्लॉपीची तोंडं. डिस्क मागून आली, म्हणून तिला सी मिळालं."

"आणि फ्लॉपी?"

"ती कधीच गेली."

"गेली, तर तिची जागा सीला का देत नाहीत?"

"सगळ्यांना सीची सवय झाली. हजारो प्रोग्रामना तोच पत्ता पाठ आहे. कोण बदलणार?"

"म्हणजे तुमच्यातही कारण गेलं तरी रीत राहते," गुरुजी हरखून म्हणाले. फोन कशासाठी केला होता हे ते क्षणभर विसरलेच.

"बाबा, आधी त्याचा परत डी करा."

डी झाला, प्रोग्राम उघडला आणि पत्रिकाही आली. आर्द्रा, तिसरं चरण. अक्षर ङ.

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ङवरून नाव ठेवायचं काय, कपाळ? पंचांगात बघताना असं काही निघालं की ते गुपचूप पुढच्या अक्षरावर बोट सरकवत. कॉम्प्युटरला बोट नव्हतं, आणि पडद्याचा फोटो पाठवायचं तर कबूल केलेलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"चिमणाबाई, अक्षर जरा अवघड आलंय," गुरुजींनी घाम पुसला. "ङ."

"बरं. आत्याला सांगते."

"अहो, पण ङवरून नाव..."

"नाव चैताली हाय. पाटी सकाळीच लागली दारावर. केकवर बी तेच लिवलंय."

गुरुजींना काही कळेना. "मग अक्षरासाठी मघापासून एवढी घाई का चालली होती?"

"गुरुजी, तुम्हाला इचारल्याबिगर बारसं व्हतंय का कुठं?" चिमणाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "इचारायची रीत हाय. ऐकायची नाय."