खाजामिस्तरींचं हेलिकॉप्टर

खाजामिस्तरी मशीन चालू करण्याआधी रस्त्यावर येऊन तसं जाहीर करत. लाकूड रंधायचं मशीन त्यांचं, दुकान त्यांचं, तरी पेन्सिल कानावर खोचून ते उंबऱ्याबाहेर येत आणि मोठ्यानं सांगत, "मशीन चालू होऊन राहिली हाय हो." एकदा उजवीकडे तोंड करून, एकदा डावीकडे आणि एकदा मागं वळून घराच्या दिशेनं. मग शंभर अंक मोजत. त्याशिवाय बटणाला हात लावत नसत. दिवसातून आठ वेळा मशीन लावायचं असलं तर आठही वेळा हे सगळं.

लातूरच्या त्या गल्लीत, त्यांच्या शेजारच्या इमारतीत मी एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो. मी आलो तेव्हा गल्लीत एकच क्लास होता. बघता बघता दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी लागली. लोह्याची, मुदखेडची, शिरूर अनंतपाळची पोरंपोरी डॉक्टर व्हायला येत आणि पत्र्याच्या खोल्यांत चौघं चौघं राहत. खाजामिस्तरींनी जाहीर केलं की माझी अख्खी बॅच त्यांच्याबरोबर अंक मोजायला लागे. शंभराला मशीन गर्जून उठे. पुढचा अर्धा तास मी ओरडत असे आणि पोरं माझ्या ओठांकडे बघून वहीत काहीतरी लिहीत. त्यातली काही आज डॉक्टर आहेत, याचं मला अजून भय वाटतं.

मिस्तरी माणसंही लाकडासारखीच पारखत. आमच्या क्लासच्या मालकांना ते 'गाठीचं लाकूड' म्हणत, कारण रंधा कुठूनही मारा, पातं तुटायचंच. माझ्याबद्दल एकदा विचारलं तर थोडं थांबून म्हणाले, "सर म्हंजे सावर. खिळा पटकन जातो. पण धरत न्हाई." मला राग आला नाही, त्यावरूनच त्यांचं म्हणणं बरोबर असावं.

त्यांची मोठी बहीण, आपा, त्यांच्याबरोबर दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायची. मिस्तरींनी जाहीर केलं की ती चपला घालून बाहेर येई, समोरच्या कडुनिंबाखाली एक दगड होता त्यावर जाऊन बसे आणि मशीन थांबलं की मुकाट्यानं परत जाई. मला वाटायचं, भुशाचा त्रास होत असेल.

मग दुचाक्या लावायला जागा हवी म्हणून आमच्या मालकांनी कडुनिंब पाडला आणि दगडही हलवला. त्यानंतर आपा गाड्यांच्या गर्दीत उभी राहू लागली, नाहीतर क्लासच्या पायरीवर बसू लागली. वॉचमन तिला उठवायचा. ती पुन्हा दुसऱ्या पायरीवर बसायची. शेवटी मालकांनी मला मिस्तरींकडे पाठवलं. मशीन गावाबाहेर न्या आणि बहिणीला घरात बसवा, असा निरोप होता. असल्या कामाला सावरीचंच लाकूड लागतं.

मिस्तरींनी निरोप ऐकून घेतला. स्टूल पुसून मला बसायला दिलं.

"गावाबाहेर न्हेलो असतो की सर. पण आपा माझा आवाज येईल तितक्याच अंतरावर ऱ्हाते. त्याच्या म्होरं मी गेलो की तिचा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. भूकंपात आपाच्या सासरचं गाव आडवं झालं होतं. तिचा नवरा आणि दोन लेकरं माळवदाच्या मातीखाली गेली. मिस्तरींनी हातांनी माती उपसून दुसऱ्या दिवशी तिला बाहेर काढलं. ती एकटीच निघाली.

"इथं आणल्यावर मी मशीन लावली. माझ्या ध्यानातच न्हाई. घर्र झालं अन् ही अनवाणी पळाली ती बसस्टँडपर्यंत. तवापासून सांगून लावतो. शंभर मोजूस्तवर ती दगडापाशी पोचते. पोचायची."

मी तिथून उठायला हवं होतं. पण गप्प बसवेना म्हणून बोलून गेलो, "मिस्तरी, आवाज कमी करता येत असेल की. नवीन कटर निघालेत." खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शिकवणाऱ्या माणसाला माहीत नाही म्हणायची सवय नसते.

मिस्तरींनी ते वाक्य धरूनच ठेवलं. कुठून कुठून चौकशी केली आणि आठवड्याभरात मलाच शिकवायला लागले. जुन्या मशीनच्या रुळावर लांब पाती असतात, ती आख्खीच्या आख्खी लाकडावर आपटतात म्हणून तो गडगडाट होतो. नव्या रुळावर नखाएवढे चौकोनी दात गोल जिन्यासारखे चढत गेलेले असतात. एकेक दात एकेक घास घेतो, म्हणून आवाज मऊ. त्याचं नाव हेलिकल कटर. मिस्तरी त्याला हेलिकॉप्टर म्हणत. मी दोनदा दुरुस्त केलं आणि सोडून दिलं.

हैद्राबादच्या व्यापाऱ्याकडे मागणी गेली. मग मिस्तरी रोज ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन विचारत, "आमचं हेलिकॉप्टर आलं का?" तिथला कारकून पहिले चार दिवस हसला आणि पाचव्या दिवशी त्यांना लांबूनच बघून मान हलवू लागला. गल्लीतल्या पोरांत बातमी पसरली. आमच्या मालकांनी तर मला केबिनमध्ये बोलावून दबक्या आवाजात विचारलं, "याच्याकडं एवढा पैसा कुठून आला?"

शेवटी खोकं आलं आणि तो रूळ बसेना. बेअरिंगच्या जागी तो सूतभर जास्त जाड होता. लातुरात कुणी हात लावायला तयार होईना, म्हणून मिस्तरी तो जुन्या चादरीत गुंडाळून एसटीनं नांदेडला एका टर्नरकडे घेऊन गेले. मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "लेकरू किती वर्षांचं?" मिस्तरी म्हणाले, "ह्याला बत्तीस दात हायत, पुरं तिकीट फाडा." अशा चार खेपा झाल्या; प्रत्येक खेपेला आपा ते परत येईपर्यंत दुकानाच्या उंबऱ्यावर बसून राही. तेवढे दिवस मशीन उघडंच पडलं होतं. दारांची कामं दुसरीकडे गेली. होस्टेलवाल्यांनी लोखंडी कॉट आणि प्लायवुडची कपाटं घेतली. मिस्तरींना त्याचं काही वाटत नव्हतं. "एकदा चालू होऊ द्या," एवढंच म्हणायचे.

ज्या दुपारी ते जुळलं त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. पांढरा सदरा घातला होता. आपाला दुकानात खुर्चीवर बसवलं होतं. त्या पहिल्या घर्रनंतर मशीन लागताना ती पहिल्यांदाच आत होती. मिस्तरींनी बटण दाबलं. मी कान दाबून तयार होतो, पण नुसती गुणगुण आली. त्यांनी सागाची फळी सरकवली. फळी काचेसारखी होऊन पलीकडे निघाली. शेजारच्या वर्गात कुणीतरी आयनीभवनाची व्याख्या सांगत होतं, ती मला शब्द न् शब्द ऐकू आली.

मिस्तरींनी हसून आपाकडे बघितलं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून पोटाशी घेतले होते.

मशीन बंद केलं. मिस्तरी तिच्यासमोर खाली बसले. "आवाज तो गया ना आपा? अब काहे का डर?"

"आवाज का डर कब था रे," ती म्हणाली. "नीचे से हिलरा."

दुकानात शहाबादी फरशी होती. मशीन तिच्यातच बोल्टनं आवळलं होतं. मी त्या फरशीवर उभा होतो, पण पायात चपला होत्या आणि मला काहीच जाणवलं नव्हतं.

मिस्तरींनी दोन्ही तळहात फरशीवर उताणे ठेवले. "पावां इधर रखो आपा. मेरे हाथ पे." तिनं हळूहळू पाय खाली सोडले आणि त्यांच्या हातांवर ठेवले. मान न वळवता ते मला म्हणाले, "सर, बटण दाबा."

मी दाबलं. गुणगुण सुरू झाली. मिस्तरींनी डोळे मिटले होते. मला त्यांच्या मनगटाची शीर थरथरताना दिसली.

"बंद करा," ते म्हणाले.

मी बंद केलं. त्यांनी हात काढून घेतले नाहीत.

"लई हालतंय हो सर," ते म्हणाले. "इतकी वर्सं मी उभ्यानं काम केलं. मला कळलंच न्हाई."

महिन्याभरात मशीन मुदखेडच्या एका मिस्तरीनं नेलं, त्या नव्या कटरसकट. खाजामिस्तरी आता हातरंध्यानं काम करतात. एका दाराला आठवडा जातो आणि तेवढं थांबणारं गिऱ्हाईक लातुरात उरलेलं नाही. क्लासचे मोडके बाक तेवढे मी त्यांच्याकडे पाठवतो. मशीन होतं तिथं आता आपाची बाज टाकलेली आहे. दुपारी तिला तिथं झोप लागते. तिची झोप लागली की मिस्तरी रंधा खाली ठेवतात आणि ती उठेपर्यंत काम तसंच पडून राहतं.