वामनरावांचा बिनतारखेचा राजीनामा

गेल्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता वामनराव निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन राजीनामे होते. एक त्यांचा स्वतःचा, गेली सत्तावीस वर्षं जवळ बाळगलेला. दुसरा दीपा नावाच्या मुलीचा, आठ महिन्यांपूर्वीचा. दोन्ही मॅनेजरपर्यंत पोहोचले नव्हते.

वामनराव म्हैसूरच्या विजयनगरात माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच कुंपणाची भिंत आहे. त्यांचे वडील आणि आजोबा म्हैसुरातच रंगारी होते. वामनराव शहराबाहेरच्या एका रेशीम कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख. गिऱ्हाईक जुन्या साडीचा तुकडा आणून देतं, त्या रंगाचं नवं सूत काढून द्यायचं, हे काम. त्यांच्या रंगाबद्दल कधी तक्रार आल्याचं कारखान्यात कोणाला आठवत नाही. मी चौघांना विचारलं.

खुद्द वामनरावांचं मत वेगळं होतं. आपल्याला रंगातलं काही कळत नाही, आपण चुकून या खुर्चीत बसलो आहोत आणि हे लवकरच उघडकीला येणार, अशी त्यांची खात्री होती. संध्याकाळी फाटक उघडताना ते भिंतीपलीकडून रोज सांगत, "आज निभलं. उद्याचं गोत्तिल्ला." उद्याचं माहीत नाही.

कारखान्याने एकदा त्यांचा सत्कार केला. ती शाल अजून दुकानाच्या पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट आहे. का, म्हणून मी विचारलं.

"परत मागितली तर? मळलेली कशी द्यायची, तुम्हीच सांगा."

दुसऱ्या एका कारखान्याचे लोक त्यांचं काम बघायला आले, तेव्हा ते बॉयलरच्या खोलीत जाऊन बसले. पाहुणे दीड तास थांबले. वामनरावही.

त्यांच्या पत्नीने, सुशीलाबाईंनी, फाटकाशेजारी पितळी पाटी लावून घेतली होती. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत ‘रंगतज्ज्ञ’. वामनरावांनी वाद घातला नाही. त्या आठवड्यात त्यांनी पाटीखाली मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वेल लावला. दोन वर्षांत दुसरी ओळ झाकली गेली. वेलाला पाणी ते स्वतः घालत.

राजीनामा मात्र सुशीलाबाईंच्या अक्षरात होता. वामनरावांना इंग्रजी लिहिण्याचा सराव नाही. खिशात घडी झिजून कागद फाटला, किंवा कारखान्याचे मॅनेजर बदलले, की त्या नवीन प्रत लिहून देत. शर्ट धुवायला टाकण्याआधी पत्र काढून ठेवणं आणि सकाळी इस्त्रीच्या शर्टात घालणं, हेही त्याच करत. अशी किती पत्रं झाली, हे वामनरावांना सांगता आलं नाही. मजकूर तोच. ‘मला हे काम येत नाही. आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.’ तारीख सुशीलाबाईंनी एकाही पत्रावर घातली नाही. वामनरावांनी विचारलं की म्हणत, "द्यायच्या दिवशी तुम्हीच घाला की."

चार वर्षांपूर्वी सुशीलाबाई गेल्या. नंतर मॅनेजर पुन्हा बदलले. खिशातलं पत्र आधीच्या साहेबांच्या नावानेच राहिलं. कागद फाटू नये म्हणून वामनराव ते प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू लागले.

आठ महिन्यांपूर्वी दीपा रंगखात्यात आली. म्हैसुरातल्याच बोगादी भागातल्या मराठी घरातली, रंगरसायनाची पदवी घेतलेली. वामनरावांना मामा म्हणू लागली. तिच्या हाती दिलेलं पहिलंच काम चुकलं. लग्नाच्या साड्यांचं मोरपंखी सूत होतं. ओलं रेशीम गडद दिसतं, म्हणून रंग नेहमी सूत वाळवून बघायचा असतो. घाईत तिने ओल्या सुतावरच नमुना जुळवला. वाळल्यावर सगळं सूत फिकं निघालं. दुपारी तिने एक कागद छापून आणला. मॅनेजर गावाला गेले होते, म्हणून तो वामनरावांच्या हातात दिला.

"मामा, नक्को. आगल्ला, होणार नाही माझ्याच्यानं. मला येतच नाही हे. कॉलेजात इतके दिवस कोणाला कळलं नाही, एवढंच."

वामनरावांनी तिचा कागद खिशात ठेवला आणि पाकिटातला आपला काढून दिला. तिने तो दोनदा वाचला.

"हे काय, मामा?"

"माझा नंबर आधी आहे. सत्तावीस वर्षं झाली रांगेत. तू मागं उभी राहा."

दीपा रडत होती, ती हसली. मग विचारलं, "अक्षर कोणाचं?"

"घरच्यांचं."

त्यांनी पाकीट परत घेतलं, खोलीचं दार लावलं आणि आजवर कोणाला न दाखवलेली गोष्ट तिला दाखवली. फिकं सूत पुन्हा रंगात बुडवून त्यांनी त्यातला एक धागा वाळवला, नमुन्याच्या धाग्याला गाठ मारून जोडला आणि उत्तरेच्या खिडकीत धरला. दोन रंग कुठे मिळतात ते डोळ्यांना कळेनासं झालं, की काम झालं. ही रीत त्यांच्या वडिलांची. कारखान्यात रंग मोजायचं यंत्र आहे. वामनराव आधी लपून गाठ बघत, मग यंत्र लावत आणि नोंदवहीत ‘यंत्र’ असं लिहीत.

"लबाडी आहे ही," ते म्हणाले. "माझं शिक्षण नाही. बापाचा डोळा उसना घेऊन बसलोय, अल्वा? हो ना?"

दीपाने तो धागा यंत्राखाली ठेवला. फरक शून्य आला. तिने नमुना फिरवून पुन्हा मोजलं. तेच.

"मामा, मीसुद्धा पुस्तकातलं उसनं घेऊनच आलेय की."

त्यावर वामनरावांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली, असं दोघंही सांगतात. त्या दिवशीच्या नोंदीत पद्धतीच्या रकान्यात ‘गाठ’ असं आहे. अक्षर दीपाचं, खाली सही वामनरावांची. तेव्हापासून उत्तरेच्या खिडकीत दोघं उभी राहू लागली.

निरोप समारंभाआधी वामनराव ऑफिसात गेले आणि आपला राजीनामा आता द्यावा का, असं त्यांनी तिथल्या कारकुनाला विचारलं.

"रिटायर होताना राजीनामा लागत नाही, सार."

"मग इतकी वर्षं हे?"

"ते मला कसं माहीत, सार?"

समारंभानंतर त्यांनी दीपाचा कागद तिला परत दिला. तिने तो पर्समध्ये ठेवला. रंगखातं आता तिच्याकडे आहे.

सोमवारी सकाळी सव्वादहाला वामनरावांनी तिला फोन केला. मी भिंतीच्या अलीकडे होतो.

"निभलं काय?"

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. "हं," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि आतून कात्री आणली. अर्धा तास ते मोगरा छाटत होते. अंगावर घरचाच सदरा होता. त्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटाचा कोपरा दिसत होता. पत्रावर अजूनही तारीख नाही, हे मी विचारून घेतलं.

पाटीची दुसरी ओळ आता रस्त्यावरून वाचता येते.